आयर्लंडचा नाताळ उंबरठ्यावर समजतो

आयर्लंडमध्ये नाताळ एका दिवसात उरकत नाही. ८ डिसेंबरला त्याची चाहूल लागते, २४ च्या संध्याकाळी खिडकीत मेणबत्ती लागली की तो घरात येतो आणि ६ जानेवारीपर्यंत मुक्काम ठोकतो. मधल्या दिवसांत मुखवटे घातलेल्या टोळ्या ढोल बडवत घरोघर फिरतात, दारावर पाव आपटला जातो, एका दिवशी कुठलंही नवं काम हाती घेत नाहीत आणि शेवटच्या दिवशी बायका स्वयंपाकघर पुरुषांच्या हवाली करून बाहेर पडतात.

नुसती यादी वाचली तर या चालीरीतींचा एकमेकींशी मेळ लागत नाही. त्या आल्याच वेगवेगळ्या वाटांनी: काही कॅथलिक धर्मातून, काही शेतकऱ्याच्या वर्षातून, काही इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेल्या लोकांबरोबर. पण त्यांतल्या बहुतेक घडतात एकाच जागी, घराच्या उंबरठ्यावर. वर्षाच्या सगळ्यात अंधाऱ्या दिवसांत दार कोणासाठी उघडायचं, कोणाला आत घ्यायचं, काय बाहेर हाकलायचं आणि घरातल्या कोणी बाहेर पडायचं, हा प्रश्न हाताशी धरला की बरंचसं उलगडत जातं.

अंधार किती असतो

डब्लिन ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे सकाळी ८ वाजून ३८ मिनिटांनी सूर्य उगवतो आणि दुपारचे ४ वाजून ८ मिनिटं झाली की मावळतो. म्हणजे दिवस साडेसात तासांचा. त्याच दिवशी मुंबईत जवळजवळ ११ तास उजेड असतो. चहूकडून समुद्र असल्यामुळे थंडी फार कडाक्याची पडत नाही, बर्फही क्वचित. पण पाऊस, ओल आणि ढग यांमुळे कित्येक दिवस सूर्य नीट दिसत नाही. पूर्वीच्या खेड्यात या काळात बटाटे काढून झालेले असत, जळणासाठी दलदलीतून कापून वाळवलेली पीट घराला लागून रचलेली असे आणि शेतात करण्यासारखं फार काही नसे. हातात वेळ, घरात विस्तव आणि बाहेर अंधार, यातून हे सण आकाराला आले.

सूर्याचं म्हणाल तर मीथ काउंटीतल्या न्यूग्रेंजचं नाव निघतंच. इ.स.पू. ३२०० च्या सुमाराला बांधलेलं हे दगडमातीचं प्रचंड टेकाड म्हणजे एक समाधी आहे. आत जायला १९ मीटर लांबीची अरुंद वाट, तिच्या टोकाशी दालन. ही वाट चढत जाते. दालनाची जमीन दारापेक्षा सुमारे दोन मीटर उंच आहे. त्यामुळे दारातून शिरलेला उजेड मध्येच अडतो. बांधणाऱ्यांनी म्हणूनच दाराच्या वर एक वेगळा झरोका ठेवला. २१ डिसेंबरच्या आसपासच्या चार-पाच सकाळी, ८ वाजून ५८ मिनिटांच्या सुमारास, त्या झरोक्यातून आलेली किरणांची पट्टी थेट दालनापर्यंत पोचते आणि सुमारे १७ मिनिटं टिकते. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओकेली यांनी उत्खननाच्या काळात, डिसेंबर १९६७ मध्ये, हे प्रत्यक्ष पाहून नोंदवलं. आता त्या सकाळी आत जाण्यासाठी सोडत काढतात. सोडतीत नाव निघूनही आभाळ भरलेलं असेल तर आत अंधारच राहतो.

मात्र आयर्लंडच्या नाताळाची सगळी मुळं न्यूग्रेंजमध्ये शोधायची घाई करू नये. त्या बांधकामात आणि पुढे वर्णन केलेल्या चालींत हजारो वर्षांचं अंतर आहे आणि दोन्हींना जोडणारा सलग धागा कोणी दाखवलेला नाही.

८ डिसेंबर आणि चुना

८ डिसेंबर हा मेरीच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. कॅथलिक शाळांना सुट्टी असायची, मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) झाली की खेड्यांतली कुटुंबं नाताळाच्या खरेदीसाठी डब्लिनला किंवा जवळच्या मोठ्या गावाला जायची. मॉल आणि ऑनलाइन खरेदीमुळे या दिवसाचा जोर ओसरला आहे, तरी ‘तयारीला लागायचा दिवस’ म्हणून तो लोकांच्या डोक्यात पक्का आहे.

तयारी म्हणजे धुराडं साफ करणं, भांडी घासणं आणि भिंतींना चुना लावणं. चुन्याचं काम दिसतं तितकं सोपं नसतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घट्ट होतो, त्याला काही दिवस लागतात. त्याआधी कडक गारठा पडला तर चुन्यातलं पाणी गोठतं आणि भिंतीवर नुसती भुकटी उरते, हात लावला की हाताला येते. म्हणून ओली, पण न गोठणारी हवा गाठून हे काम उरकावं लागे. दोन पातळ हात द्यायचे. एकच जाड थर दिला तर तो तडकतो.

सजावटीला हॉलीच्या लाल फळांच्या फांद्या आणि आयव्हीची वेल. दोन्ही बांधावर फुकट मिळतात. ज्याच्याखाली चुंबन घ्यायची चाल प्रसिद्ध आहे ते मिसलटो नावाचं बांडगूळ आयर्लंडमध्ये दुर्मिळ आहे, त्यामुळे त्याभोवतीची मजा तिथे मुळात परकी. हॉली नाताळाच्या आदल्या दिवसाआधी घरात आणू नये असं मानत.

खिडकीतली मेणबत्ती

२४ च्या संध्याकाळी अंधार पडला की मोठी मेणबत्ती खिडकीत ठेवतात. मेरी आणि जोसेफ आसरा शोधत फिरत असतील तर त्यांना इथे जागा आहे हे कळावं, हा तिचा अर्थ. मेणबत्ती सहसा घरातलं सगळ्यात लहान मूल पेटवतं. काही ठिकाणी हा मान मेरी नावाच्या मुलीचा. पूर्वी किराणा दुकानदार आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना नाताळाची भेट म्हणून अशी मेणबत्ती द्यायचे.

ती उभी कशात करायची? मोठा सलगम घ्यायचा, बुडाचा भाग सपाट कापायचा म्हणजे तो डुगडुगत नाही, आणि वरून मेणबत्तीच्या जाडीपेक्षा किंचित बारीक भोक कोरायचं. भोक सैल झालं तर मेणबत्ती कलते, एका बाजूने मेण वाहून जातं आणि ती लवकर संपते. ती रात्रभर जळायला हवी. मध्येच विझणं अशुभ मानत, म्हणून या बारीकसारीक गोष्टींना महत्त्व. सलगम नसेल तर कोंड्याने किंवा वाळूने भरलेलं मडकं, त्याला रंगीत कागद आणि हॉली. खिडकीत पडदा असेल तर तो आधी उतरवायचा, ही सूचना आजही लागू आहे. बहुतेक घरांत आता विजेचे दिवे असतात ते आगीच्या भीतीने.

झोपायला जाताना दाराला कडी लावायची नाही, चुलीत विस्तव राखायचा आणि टेबलावर मनुका घातलेला पाव आणि दुधाचं भांडं ठेवायचं, अशी रीत होती. कोणी वाटसरू आला तर त्याने खावं. ज्या देशाने १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गमावली आणि तितकीच परदेशी जाताना पाहिली, तिथे उघड्या दाराचा आणि टेबलावरच्या पावाचा अर्थ फक्त धार्मिक राहिला नाही.

१९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेरी रॉबिन्सन यांनी हीच मेणबत्ती वेगळ्या कामाला लावली. आपल्या अधिकृत निवासस्थानाच्या खिडकीत त्यांनी कायमचा दिवा ठेवला: परदेशी गेलेल्या सगळ्या आयरिश माणसांसाठी. जुनी चाल तिच्या मूळ अर्थाला धरून पुढे कशी नेता येते याचं याहून चांगलं उदाहरण सहसा सापडत नाही.

ताटात काय

२४ तारखेला पूर्वी उपास असे, म्हणजे मांस वर्ज्य. त्यामुळे रात्रीच्या जेवणात खारवून वाळवलेला कॉड किंवा त्याच्यासारखाच ‘लिंग’ (ling) नावाचा मासा. तो रात्रभर पाण्यात भिजवायचा आणि मध्ये दोन-तीन वेळा पाणी बदलायचं. हे टाळलं तर मासा तोंडात धरवत नाही. मग मंद आचेवर उकडून, कांदा घातलेल्या पांढऱ्या दुधाच्या सॉसबरोबर, उकडलेल्या बटाट्यांवर.

कॉर्क शहराची खासियत मसाल्यात मुरवलेलं बीफ. सतराव्या-अठराव्या शतकांत कॉर्क हे खारवलेल्या गोमांसाचं मोठं निर्यातबंदर होतं, ब्रिटिश आरमाराची पिंपं इथूनच भरली जात. हा पदार्थ त्याच व्यापाराच्या मुशीतला. दोन किलोच्या बिनहाडाच्या तुकड्याला साधारण १०० ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम तपकिरी साखर, मिरी, ऑलस्पाइस आणि जुनिपरची फळं प्रत्येकी १५ ग्रॅम, थोड्या लवंगा. सगळं कुटून चोळायचं आणि झाकून आठ-दहा दिवस फ्रीजमध्ये ठेवायचं. रोज एकदा उलटायचं, कारण सुटलेलं पाणी खाली साचतं आणि वरची बाजू कोरडी राहते. मीठ आत जायला वेळ घेतं. तुकडा फार जाड असेल तर मधला भाग अळणीच राहतो आणि तिथूनच मांस खराब होतं. पूर्वी यात सोरा घालत, आता मांस मुरवण्याचं तयार क्षार-मिश्रण मिळतं. त्याने आतला रंग गुलाबी राहतो आणि घातक जंतूंना आळा बसतो. ते जास्त झालं तर विषारी ठरतं, म्हणून पाकिटावरचं प्रमाण काटेकोर पाळायचं आणि त्यात आधीच मीठ असेल तर वरचं मीठ तेवढं कमी करायचं. शेवटी धुऊन, पाण्यात किंवा पाणी आणि काळ्या स्टाउट बिअरमध्ये अडीच-तीन तास मंद शिजवायचं, त्याच पाण्यात निववायचं, रात्रभर वजनाखाली दाबायचं आणि गार झाल्यावर पातळ काप काढायचे. गरम असताना कापलं तर त्याचा चुरा होतो.

२५ तारीख स्वतः घरगुती असते. सकाळची मिस्सा, टर्की आणि हॅम, कुटुंब. दुकानं, पब, रेल्वे, बस सगळं बंद. अपवाद समुद्राचा: डब्लिनजवळ सँडीकोव्हच्या फॉर्टी फूट या जागी आणि किनाऱ्यावर ठिकठिकाणी लोक थंड पाण्यात उडी घेतात. पाणी साधारण १० अंशांचं असतं. पहिल्या मिनिटाभरात श्वास आपोआप जोरात ओढला जातो आणि त्याच क्षणी डोकं पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. म्हणून सवय नसलेल्याने सूर मारू नये. पायऱ्यांनी उतरावं, श्वास ताळ्यावर आणावा आणि दोन-चार मिनिटांत बाहेर येऊन ओले कपडे लगेच बदलावेत.

रेनचा दिवस

खरी गंमत २६ डिसेंबरला, सेंट स्टीफनच्या दिवशी. हा रेन नावाच्या पक्ष्याचा दिवस, आयरिशमध्ये लॉ अन ड्रोलीन. रेन म्हणजे शेपटी उभारून झुडपांत वावरणारा, जेमतेम १० ग्रॅम वजनाचा तपकिरी पक्षी. लोककथेत तोच पक्ष्यांचा राजा. जो सगळ्यांत उंच उडेल तो राजा असं ठरलं. गरुड सगळ्यांच्या वर गेला, थकला, आणि त्याच्या पिसांत लपून बसलेला रेन तिथून आणखी थोडा वर उडाला. दुसऱ्या कथांत तो फितूर आहे. रात्री हल्ला करायला निघालेल्या आयरिश सैनिकांच्या ढालीवर चोच आपटून त्याने व्हायकिंगांना जागं केलं, किंवा लपलेल्या सेंट स्टीफनचा ठावठिकाणा त्याच्या आवाजाने उघड झाला. राजा आणि फितूर हे दोन्ही आरोप एकाच चिमुकल्या जिवावर, म्हणून त्याची शिकारही आणि मिरवणूकही.

शिकारीची रीत पक्ष्याच्या स्वभावावर बेतलेली होती. रेन लांब उडत नाही, कुंपणाच्या झुडपात खालून खालून थोडं थोडं अंतर कापतो. मुलं कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी काठ्या घेऊन चालत आणि दमलेल्या पक्ष्याला टिपत. मग तो हॉलीच्या किंवा काटेरी गोर्सच्या फांदीवर बांधून, फांदीला रंगीत फिती लावून टोळी घरोघर जाई. दारात गाणं, वाजवणं, आणि मग ‘राजाला पुरायचं आहे, पैसे द्या’ अशी मागणी. कोकणात शिमग्याला संकासुर आणि खेळे घेऊन लोक घरोघर पोस्त मागतात, त्याच जातीचा हा प्रकार. ज्या घराने काही दिलं नाही त्याच्या दारात रेन पुरायची धमकी असे, म्हणजे त्या घराला वर्षभर अवकळा. देणाऱ्याला एखादं पीस मिळे, ते शुभ.

पक्षी मारण्याला विरोधही जुना आहे. १८४५ मध्ये कॉर्कचे महापौर रिचर्ड डाउडन यांनी शहरात या शिकारीवर बंदीचा हुकूम काढला होता. आज कुठेही खरा पक्षी मारत नाहीत. कायद्याचंही त्याला संरक्षण आहे. फांदीवर लाकडी, कापडी किंवा पिसांचा खोटा रेन असतो, कित्येकदा तोही नसतो. पक्षी गेल्यामुळे सणाचं काही बिघडलं नाही. मुळात जीव दारोदार जाण्यात होता.

टोळीचा पोशाख गवती. त्याचं तंत्र बघण्यासारखं आहे, आणि जिथे ही चाल बंद पडली तिथे पेंढा न मिळणं हे एक साधं कारण असतं. पोशाखाला लांब, न चुरगळलेला ओट किंवा राईचा पेंढा लागतो. कंबाइन हार्वेस्टर दाणे काढताना ताटं चेचून, तुकडे करून टाकतो. शिवाय आजच्या गव्हाच्या जाती बुटक्या, त्यांचं ताट कमरेपर्यंतही पुरत नाही. म्हणून आजचे गट जुन्या उंच वाणाचं धान्य मुद्दाम पेरतात आणि जुन्या रीपर-बाइंडरने किंवा हाताने कापून, पेंढ्या बांधून आढ्यावर कोरड्या जागी ठेवतात. तिथे उंदीर आणि बुरशी हे दोन शत्रू. दाणा पूर्ण पिकायच्या थोडं आधी कापलं तर ताट लवचीक राहतं.

पोशाख करायच्या आदल्या रात्री पेंढ्यावर पाणी शिंपडून तो गोणपाटात गुंडाळतात. कोरडा पेंढा वळवला की कटकन मोडतो, ओलावलेला वळतो. पेंढ्याचाच दोर वळून घेतात. त्या दोरावर मूठभर काड्यांचा झुबका मधोमध दुमडून टाकायचा, दुमडीखाली घट्ट बांधायचा, त्याला लागून दुसरा. असा दोर कमरेला बांधला की झाला घागरा. गळ्याशी बांधला की खांद्यावरून लोंबणारी झूल. मुखवटा शंकूसारखा: लांब काड्यांचा जुडगा टोकाशी आवळायचा आणि खाली आडव्या वेणीने कड बांधायची. डोळ्यांपुढे विणकाम विरळ ठेवतात. आतला माणूस बाहेरचं पाहतो, बाहेरच्याला आतला ओळखू येत नाही. पावसात हा पोशाख दुप्पट जड होतो. आणि उघड्या चुलीपासून, मेणबत्तीपासून लांब राहायचं हे सांगायला नकोच. कोरडा पेंढा क्षणात पेटतो.

वाद्यांत बासरी, मेलोडियन (हातात धरून वाजवायची भात्याची पेटी), आणि बाउरॉन. बाउरॉन म्हणजे लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेला डफ. बऱ्याच भागांत तो वर्षातून या एका दिवसापुरताच खुंटीवरून खाली निघे. १९६० च्या दशकात संगीतकार शॉन ओ रियाडा यांनी त्याला मंचावर आणलं आणि आज आयरिश संगीत म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो. दमट हवेत त्याचं कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. मग तो विस्तवासमोर धरून तापवतात, पण हातभर अंतर राखून आणि सारखा फिरवत. एकाच जागी जास्त उष्णता लागली तर कातडं कड्यापाशी फाटतं. फार ताणलं गेलं तर आतून ओलं फडकं फिरवायचं.

गोळा झालेल्या पैशांतून पूर्वी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी नाचाची रात्र व्हायची: बिअरचं पिंप, खाणं, पहाटेपर्यंत सेट डान्स. धर्मगुरूंना ते पटत नसे. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्यानुसार नाचासाठी परवाना लागू झाला, आणि त्याचा बडगा घरगुती नाचांवरही उगारला गेला. पुढे स्थलांतराने तरुण पोरंच उरली नाहीत. ज्या गावांत चाल टिकली तिथे पैसे आता दवाखान्याला, वृद्धाश्रमाला, बचाव-नौकेच्या पथकाला जातात, आणि असा निधी गोळा करायला १९६२ च्या कायद्यानुसार पोलिसांचा परवाना घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष बघायचं तर केरी काउंटीतलं डिंगल. तिथे गावातल्या भागाभागाचे वेगवेगळे ‘रेन’, म्हणजे टोळ्या, आहेत, प्रत्येकाचे रंग ठरलेले. २६ ला दुपारी बाराच्या सुमारास ते निघतात आणि रात्रीपर्यंत गावाला फेऱ्या घालत राहतात. पुढे लाकडी तलवार घेतलेला कप्तान, मागे बासऱ्या आणि ढोल, मध्ये लॉर वॉन: लाकडी सांगाड्यावर पांढरं कापड टाकलेली घोडी, जिचा जबडा आतला माणूस दोरीने उघडझाप करतो आणि बघ्यांच्या अंगावर धावून जातो. एकच एक मिरवणूक नसते, त्यामुळे ‘कुठे उभं राहू’ असं विचारण्यात अर्थ नाही. आवाज येईल तिकडे जायचं, मागून चालायचं, डबा पुढे आला की नाणी टाकायची. २५ ला देशभर वाहनं बंद आणि २६ लाही फार थोड्या सेवा असल्यामुळे २४ लाच मुक्कामाला पोचायला हवं, आणि खोली महिनोन्‌महिने आधी घ्यायला हवी.

मुखवट्याआडची ओळख

रेनच्या टोळ्या दक्षिणेत आणि पश्चिमेत जास्त. उत्तरेत, विशेषतः फर्मॅनामध्ये, आणि आग्नेयेला वेक्सफर्डमध्ये ममर्स. यांच्याकडे छोटं पद्यनाट्य असतं. एकेक पात्र दारातून आत येतं, आपलं नाव सांगतं, दोन वीर भांडतात, एक मरतो, डॉक्टर बढाया मारत येतो आणि हास्यास्पद औषधाने त्याला उठवतो, शेवटी एक पात्र पैसे मागतं. हा साचा इंग्लंडमधून आला. आयर्लंडमध्ये त्यात तिथला राष्ट्रीय संत सेंट पॅट्रिक शिरला, आणि वेक्सफर्डमध्ये तर ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावाचे नायक त्यात उभे राहून बोलतात.

मेलेला उठतो हा भाग २१ डिसेंबरच्या सुमाराला परत फिरणाऱ्या सूर्याशी जोडून सांगायची पद्धत आहे. ऐकायला ते छान वाटतं. मात्र खेळणाऱ्यांच्या दृष्टीने मुद्दा वेगळा असतो. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात अनोळखी होऊन शिरायचं आणि त्याने तुम्हाला ओळखायचा प्रयत्न करायचा. चाल, हात, बूट यांवरून लोक ओळखतात, म्हणून खेळणारे एकमेकांचे बूट घालतात आणि आवाज बदलतात. वेगवेगळ्या धर्मपंथांच्या घरांतही टोळी जायची, कारण मुखवट्याला पंथ नसतो. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराच्या दशकांत नेमकं हेच अशक्य झालं. रात्री दारात तोंड झाकलेली माणसं उभी राहिली तर घरच्यांच्या मनात पहिला विचार कसला येणार? फर्मॅनात डेरीलिनजवळच्या गावकऱ्यांनी ही चाल पुन्हा उभी केली आणि गवती मुखवटे विणायला नव्या मुलांना शिकवलं, याचं मोल म्हणून मोठं आहे.

वाईट दिवस, मोठं जेवण

२८ डिसेंबर, येशूच्या जन्मानंतर हेरोद राजाने मारलेल्या बालकांचा स्मृतिदिन, हा वर्षातला आडवा दिवस. त्या दिवशी प्रवास, लग्न, नवा व्यवहार काही सुरू करायचं नाही.

३१ ची रात्र म्हणजे मोठ्या वाढणीची रात्र. पोटभर जेवायचं आणि ताटात थोडं उरायला हवं. त्या रात्री पोट भरलं तर वर्षभर भरेल. घरधनी मोठा पाव घेऊन त्याचे तीन घास घेई आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांचं नाव घेत तो दारावर तीनदा आपटी, भुकेने वर्षभर दुसऱ्या देशी जावं असं बजावून. पडलेले तुकडे मग घरातले सगळे वेचून खात. मध्यरात्री वारा कुठून येतो तेही बघत: पश्चिमेचा असला तर येतं वर्ष आयर्लंडचं, पूर्वेचा असला तर इंग्लंडचं. नव्या वर्षात उंबरठा पहिला कोण ओलांडतो यालाही महत्त्व. काळ्या केसांचा पुरुष शुभ, तांबड्या केसांची बाई अशुभ. तांबड्या केसांच्या बायकांना त्या सकाळी शेजारी जाणं अवघडच होत असणार.

बायकांचा नाताळ

६ जानेवारी, नॉलिग ना मॉन. कॉर्क आणि केरीत ही चाल कधीच पूर्ण तुटली नाही. बारा दिवस रांधून, वाढून, घासून झालं की या दिवशी घर पुरुषांनी सांभाळायचं. बायका एकमेकींकडे जमत, चहा, मनुकांचा केक, थोडी वाइन. टर्की आणि अंडी विकून आलेला पैसा बहुतेक शेतकरी घरांत बाईचा स्वतःचा असे, त्यातून उरलेलं या दिवशी खर्च होई. एरवी पबमध्ये बायकांचं स्वागत नसे, त्यांना कोपऱ्यातल्या बंद खोलीत बसावं लागे. या दिवशी त्या उघड बसत.

आदल्या रात्री बारा दिवे लावायची रीत होती. दलदलीतला बोरूसारखा मऊ लव्हाळा उन्हाळ्याच्या शेवटी कापायचा, सोलायचा, पण आतल्या गराला आधार म्हणून सालीची एक पट्टी राखायची. वाळवून वितळलेल्या चरबीत बुडवायचा. अशी एक काडी अर्धा तासाच्या आसपास जळते. ओटने भरलेल्या चाळणीत किंवा मातीच्या गोळ्यात बारा काड्या उभ्या करून प्रत्येकीला घरातल्या एकेकाचं नाव देत, आणि ज्याची काडी आधी विझेल तो आधी जाणार असं धरत. विझण्याचा क्रम ठरतो सालीची पट्टी किती रुंद, चरबी किती जाड आणि दारातून वारा कुठे लागतो यावर. तरी लोक श्वास रोखून बघत.

गेल्या काही दशकांत हा दिवस शहरांतही परतला आहे. हॉटेलांत जेवणं, कवितावाचन, निराधार स्त्रियांच्या आश्रयगृहांसाठी निधी. त्यावर आक्षेपही रास्त आहे: एका दिवसाची सुट्टी साजरी करायची म्हणजे उरलेले दिवस कोणाचे, हे मान्यच करायचं. पण ज्या बायका तो पाळतात त्या हा आक्षेप जाणतात, आणि म्हणूनच त्या दिवशी एकत्र बसून याच गोष्टी बोलतात. कॉर्कमध्ये त्या संध्याकाळी टेबल हवं असेल तर डिसेंबरातच सांगून ठेवावं लागतं.

याच दिवशी सजावट उतरते. त्यानंतर ठेवणं अशुभ. एव्हाना हॉली कडकडीत वाळलेली असते आणि तिची पानं विस्तवात भडकन पेटतात, म्हणून ती मोठ्या चुलीत न कोंबता थोडी थोडी टाकायची. काही घरं मात्र ती जाळत नाहीत. गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ईस्टरआधीचा उपासकाळ लागायच्या आदल्या मंगळवारी पॅनकेकच्या तव्याखाली तिचंच जळण घालतात.